ब्रॅकन नदीपार गेला

तो माणूस माझ्या शेजारी कधी येऊन उभा राहिला, मला कळलंच नाही. माझं सगळं लक्ष जुनोकडे होतं.

नोव्हेंबरची दुपार. स्कॉटलंडमधली आमची स्पे नदी दुथडी भरून वाहत होती, पाऊस बारीक, सुईसारखा. वरच्या रानात बंदुका वाजल्या आणि पंखात छर्रे लागलेला एक फेझंट, लांब शेपटीचा रानकोंबडा, पलीकडच्या काठावर झुडपांत कोसळला. जखमी पाखरू रानात तसंच टाकून यायचं नाही, हा आमच्याकडचा धर्मच. जुनो, पडलेली शिकार उचलून आणणारी माझी सोनेरी रिट्रीव्हर, दोनदा पाण्यात शिरली आणि दोनदा अर्ध्यातून फिरली. तिला धार पेलेना.

"माझ्या कुत्र्याला पाठवू?"

मी वळले. उंच, नखशिखांत भिजलेला, ओठांच्या कोपऱ्यात हसू. पायाशी एक तांबूस, पिंजारलेला कुत्रा.

"हा रिट्रीव्हर आहे?"

"त्याला तरी आम्ही तसंच सांगितलंय."

"पाठवा. पण बुडाला तर मी पाण्यात उडी मारणार नाही."

"मी मारीन," तो सहज म्हणाला आणि हाताने पलीकडचा काठ दाखवला. "ब्रॅकन... जा."

ब्रॅकन समोर गेलाच नाही. काठाकाठाने पन्नासेक पावलं वर धावला आणि तिथून पाण्यात शिरला. नदीनेच त्याला तिरकं वाहून नेऊन नेमकं त्या झुडपांपाशी सोडलं. हे त्याला शिकवलं कुणी?

मग तो दिसेनासा झाला. पाच मिनिटं गेली... दहा गेली...

"शिटी तरी मारा."

"पाखरू पळालंय, तो माग काढतोय. मध्ये बोललेलं त्याला खपत नाही."

"तुमच्यात मालक कोण?"

"ते अजून ठरायचंय."

मी हसले, आणि तेवढ्यात झुडपं हलली. ब्रॅकन परत येत होता — मान उंच, तोंडात फेझंट. एवढी नदी पोहून आला आणि पाखरू त्याने मालकाच्या तळहातावर अलगद ठेवलं. एकही पीस चुरगळलेलं नव्हतं. मी जन्मापासून कुत्र्यांत वाढले. पण त्या क्षणी देवळात उभं राहिल्यासारखं वाटलं.

त्याचं नाव मॅग्नस. उत्तरेकडच्या ऑर्क्नी बेटांवरून मेंढे विकायला आला होता. संध्याकाळी मी त्याला घरी जेवायला बोलावलं, आणि सूप निवायच्या आत मुद्द्यावर आले: जुनोसाठी मला ब्रॅकन हवा होता.

बाबांच्या कुत्र्यांचं सगळीकडे नाव होतं. पण त्या नावापायी वीण घरातल्या घरात होत राहिली. जुनोच्या वंशावळीत एकच पूर्वज चार ठिकाणी. मागच्या वेतातली दोन पिल्लं दीड वर्षात आंधळी झाली. तपासणीत कळलं, तो दोष जुनोच्या रक्तात लपलेला आहे; नराकडूनही आला, की पिल्लू आंधळं.

"आमच्या आजीनं दर पिढीला बाहेरून नर आणला," मॅग्नस म्हणाला. "कधी नॉर्वेचा, कधी फिनलंडचा."

"बेटावरचं हे झिपरं आपल्या जुनोला?" बाबा गुरगुरले.

"बाबा, त्या पिल्लांपैकी एक अजून दाराच्या चौकटीला धडकतं. तुम्हीच त्याला वाट दाखवता ना?"

बाबांनी स्वतःच्या हाताने मॅग्नसला पाव वाढला.

डोळे, खुबे, हृदय, रक्त... ब्रॅकनच्या सगळ्या तपासण्या झाल्या. निकाल आला त्या दिवशी मॅग्नसचा फोन आला. "त्याच्यात तो दोष नाही. तुझं एकही पिल्लू आंधळं होणार नाही, मॉरॅग." 'तुमचं'चं 'तुझं' कधी झालं, ते आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं.

जानेवारीत तो ब्रॅकनला घेऊन आला आणि चार दिवसांनी गेला. नंतर दर रविवारी फोन. जुनोची चौकशी दोन मिनिटं... बाकीचा तास कशाचा, ते विचारू नका. मार्चमध्ये जुनो व्याली — नऊ पिल्लं. मी फोन त्यांच्यापाशी धरला आणि त्याला त्यांचं चुकचुक दूध पिणं ऐकवलं. "अजून थोडा वेळ धर," तो म्हणाला.

मे महिन्यात तो आपलं पिल्लू निवडायला आला. नराच्या मालकाचा तो हक्कच. आम्ही कुरणात पिल्लांपुढे फेझंटचा वाळका पंख टाकला. सात आठवड्यांचे जीव, शिकवलेलं काही नाही. एका तांबूस पोरीने वास घेतला, पंख हळूच उचलला आणि मान उंच करून, अडखळत, थेट आमच्याकडे घेऊन आली. दात लावला नाही, ओढाताण केली नाही. किती पिढ्यांचं शहाणपण त्या इवल्या तोंडात होतं... आम्ही दोघंही नकळत गुडघ्यांवर बसलो होतो.

"हीच ना?" मी हलकेच विचारलं.

"बघू. उद्या सांगतो."

तो 'उद्या' तीन दिवस चालला. चौथ्या सकाळी मी कुंपणावर रेलून म्हणाले, "नऊ पिल्लांतून एक निवडायला इतके दिवस? तुझ्या ब्रॅकनचं तर नदीपार दहा मिनिटांत भागलं होतं."

तो पिल्लाच्या कानाशी चाळा करत राहिला. मान वर न करता म्हणाला, "मी पहिल्याच दिवशी निवडलंय. पण सांगितलं की... मला परतीची बोट पकडावी लागेल."

कुरणात पिल्लांचा गलका चालला होता. दूर बाबा त्या आंधळ्या कुत्र्याला हाका मारत होते.

"मग," मी म्हणाले, "सांगू नकोस."