वाढीची वीत

ही गोष्ट खोटी निघाली तर सगळ्यात जास्त आनंद मलाच होईल.

पण ती खोटी नाही. आमच्या घरात भूतखेत कुणी मानत नाही. विहारात जाणारी माणसं आम्ही. कुणाच्या अंगात आलं असं कानावर पडलं, तर माझी मावशी आधी डॉक्टरचा पत्ता विचारते. त्यामुळे तिखटमीठ लावून सांगायचं मला काहीच कारण नाही. जे घडलं ते मी आधी नीलमच्या तोंडून ऐकलं, मग मावशीच्या. दोघींच्या सांगण्यात तसूभर फरक नव्हता.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. अकोल्यातली, कौलखेडची.

आणि रात्र नव्हती. भर दुपार होती.

नीलम म्हणजे माझा मावसभाऊ सुगत, त्याची बायको. दहावीच्या पोरांना घरी गणित शिकवते. उरलेल्या वेळात वाकळी शिवते, म्हणजे गोधड्या. आधी आलेखाच्या कागदावर आखणार, मग कापड कापणार. कुठली पट्टी किती रुंद हे तिचं ठरलेलं. लहान पट्टीचं मोठीशी जे नातं, तेच मोठीचं दोघींच्या बेरजेशी. या प्रमाणात कापड बसलं की डोळा निवतो, असं ती म्हणते.

तिची सासू भागीरथाबाई, म्हणजे माझी मावशी, दर्यापूरजवळच्या खेड्यात राहते. तिला टेप लागत नाही. ती अंगणात तुकडे पसरते, पाणी भरायला निघून जाते, परत येऊन लांबूनच एक तुकडा पायानं सरकवते. काहून सरकवला म्हटलं, तर एवढंच सांगते, "डोयाले खुपत होता."

सासू-सुनेचं विळ्याभोपळ्याचं सख्य असतं म्हणतात. या दोघींचं भांडण फक्त वाकळीवरून, आणि तेही चहा पिता पिता. शेवटी तह झाला. आखायचं सुनेनं, मांडायचं सासूनं. अशा वाकळींना अमरावतीहून मागणी येऊ लागली.

दोघींनी मिळून शिवलेली पहिली वाकळ मात्र विकायची नव्हती. ती पायलची होती. पायल म्हणजे नीलमची मुलगी.

आता एक गोष्ट सांगतो, ती नीट लक्षात घ्या. मावशीच्या गावात लेकराची वाकळ त्याच्या मापाची शिवत नाहीत. वर एक वीत जास्त ठेवतात. ती वीत पायाकडे आत दुमडून साध्या धावदोऱ्यानं अडकवलेली असते. दर वाढदिवसाला आईनं चार बोटं उसवायची, आणि तीन वर्षांनी वीत सरली की नवी जोडायची. लेकरू वाढतं, तशी वाकळही वाढते. तिला वाढीची वीत म्हणतात.

आणि लेकरू गेलं, तर ती वीत शिवून बंद करायची. पक्की. आईनंच.

पायल नऊ वर्षांची असताना डेंग्यूनं गेली. तीन दिवसांत सगळं आटोपलं.

नीलम रडली नाही. पुढच्याच आठवड्यात तिनं शिकवणी सुरू केली. शेजारच्या बायका म्हणाल्या, बाई दगडाची आहे. दगडाची वगैरे काही नव्हती. तिच्या आत काही हलतच नव्हतं. जेवण पुढे आलं की जेवायची, दिवा बंद झाला की आडवी व्हायची. कुणी पायलचं नाव काढलं तर ऐकून घ्यायची आणि पुढची गणितं तपासायची.

या सगळ्याला दोन वर्षं झाली. आणि तिला पुन्हा दिवस गेले.

घरातले हरखले. तिला आनंदही झाला नाही आणि भीतीही वाटली नाही. सातव्या महिन्यात सोनोग्राफी झाली, तेव्हा डॉक्टरीण बाई पडद्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. बाळाची वाढ महिन्यांच्या मानानं कमी आहे, म्हणाल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा बघू. तोवर खा, झोपा.

सुगतचा चेहरा उतरला. नीलम म्हणाली, बरं.

त्या दुपारी ती घरी एकटी होती. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कूलर घरघरत होता. बाळाची वाकळ आदल्या दिवशीच शिवून झाली होती, पलंगावर पसरलेली होती. विकायच्या आधी प्रत्येक वाकळ टेपनं मोजायची तिची सवय, म्हणून तिनं हीपण मोजली.

रुंदी बरोबर होती.

लांबी... कमी भरली.

थोडीथोडकी नाही. आठ बोटं.

तिला वाटलं, आपलंच कापताना चुकलं. गणितात चूक निघाली की ती चिडत नाही, मागे जाऊन शोधते. तिनं पट्ट्या उसवल्या. एकेक वेगळी मोजली. प्रत्येक पट्टी कागदावर होती तेवढीच. मग कात्रणांची पिशवी पलंगावर रिकामी केली. वाया गेलेलं कापडही ठरल्याइतकंच. सगळे तुकडे बरोबर होते.

तिनं पुन्हा जोडून शिवली.

पुन्हा मोजली.

आठ बोटं कमी.

म्हणजे कापड कुठे गेलं नव्हतं, तरीही नव्हतं. ती टेप हातात धरून उभी राहिली. भीती वाटायला हवी होती, हे तिला समजत होतं. ती वाटत नव्हती. फक्त हात गार पडले होते, आणि बाहेर सेहेचाळीस डिग्री ऊन होतं.

तेवढ्यात लाईट गेली. कूलर थांबला.

आणि त्या शांततेत तिला आवाज आला...

सर्रर्र.

कापडातून दोरा ओढल्यासारखा. हळू. थांबून थांबून. वाकळी शिवणाऱ्या बाईला तो आवाज झोपेतही कळतो. कुणीतरी टाके उसवत होतं.

तिनं आपली सुई पाहिली. ती सुया खोचायच्या उशीतच होती. मशीनजवळ गेली, तिथे काही नव्हतं. पलंगाखाली वाकून पाहिलं. आवाज घरातून येत नव्हता, घराबाहेरूनही येत नव्हता. लाईट आली, कूलर सुरू झाला, आणि तो थांबला.

टेप अजून तिच्या हातात होती. आठ बोटं. वर्षाला चार, तर दोन वर्षांची आठ. दहावीच्या पोरालाही जमेल असं गणित. पण ते तिला डोक्यानं सुचलं नाही. आधी हात फोनकडे गेला, आणि मग आकडे जुळले.

तिनं सासूला फोन लावला. विचारलं, आपल्या पहिल्या वाकळीची वीत तुम्हीच शिवली होती ना?

पलीकडे हंडा खाली ठेवल्याचा आवाज आला.

मग भागीरथाबाई म्हणाली, "मले वाटलं तू शिवली असन."

असं झालं होतं. त्या दिवसांत सुनेला विचारायचा मावशीचा धीर झाला नव्हता. आणि नीलमला कशाचीच शुद्ध नव्हती, तिला वाटलं सासूबाईंनी सगळं आवरलं. वाकळ घडी घालून गावच्या पेटीत ठेवली गेली. वीत तशीच राहिली, धावदोऱ्यावर.

दुसऱ्या दिवशी नीलम पहाटेच्या एसटीनं निघाली. सुगत वैतागला. असल्या उन्हात, असल्या दिवसांत, एका जुन्या वाकळीसाठी? पण ती ऐकेना, तेव्हा त्यानं मुकाट्यानं स्टँडवर सोडलं. घराला कुलूप लावलं, किल्ली त्याच्याच खिशात. बाळाची वाकळ पलंगावर तशीच पसरलेली. दर्यापूरला सासरे पंजाबराव घ्यायला आले होते. तिथून काळीपिवळी जीपनं गाव.

पंजाबराव म्हणजे निवृत्त मास्तर. वाटेत ते तिला समजावत होते, की हे सगळं बायकांच्या मनाचं असतं. ती हो म्हणत होती.

पेटी मावशीनं उघडली. कडुनिंबाच्या पाल्यात गुंडाळलेली वाकळ वरच होती. नीलमनं हात लावला.

वाकळ... कोमट होती.

मे महिन्यात लोखंडी पेटीत ठेवलेलं काहीही कोमट असणार, असं पंजाबराव म्हणाले. खरंय. पण पेटीतल्या बाकीच्या साड्यांना मावशीनं हात लावून पाहिला. त्या गार होत्या.

दोघींनी वाकळ खाटेवर पसरली. पायाकडची बाजू उलटून पाहिली.

आठ बोटं उसवलेली होती.

दोरा कुठेही तुटला नव्हता, कापला नव्हता. अखंड दोरा सुटून कडेला लोंबत होता. पुढची चार बोटं अजून दुमडलेली होती, पण त्यातलेही पहिले काही टाके सैल झाले होते. पायल गेल्यानंतरचा तिसरा वाढदिवस जूनमध्ये होता.

पण मावशीनं डोळे मिटले ते हे बघून नाही. आत दुमडलेल्या कापडाला कधी ऊन लागत नाही, वापर लागत नाही. उसवलं की ते नवंकोरं निघतं, बाकीच्या वाकळीहून गडद. दरवेळी तसंच असतं.

हे कापड... विटलेलं होतं.

टाचा घासून घासून होतं तसं. मधोमध विरलेलं.

पंजाबराव बघत राहिले. मग ओसरीवर जाऊन बसले. त्यांनी पुन्हा काही समजावलं नाही.

मावशीनं सुईत दोरा ओवून दिला. नीलम म्हणाली, तुमीच शिवा. मावशीनं मान हलवली. "मायचंच काम हाये ते. अन् सारी आत घ्या लागन. गेली त्या दिवशी होती तेवढी."

नीलमला ते कळलं. उरलेली चार बोटं शिवून भागणार नव्हतं. इकडे जेवढं उलगडलं, तेवढंच तिकडे बाळाच्या वाकळीत कमी पडत होतं. बेरीज तीच राहत होती. आठ बोटं परत दुमडली, तर ती पोटातल्या बाळाला मिळतील. नाही दुमडली, तर जूनमध्ये आणखी चार जातील. तेवढं सोसण्याएवढं ते बाळ मोठं नव्हतं.

पण आठ बोटं म्हणजे पायलची दोन वर्षं होती. कुठे का असेना, कशी का असेना, लेक अकरा वर्षांची झाली होती. आणि आता आईनं तिला परत नऊ वर्षांची करायचं होतं. कायमची.

ती किती वेळ तशीच बसून होती, हे तिला सांगता येत नाही. मावशी म्हणते, चुलीवरचा भात करपला तरी कुणी उठलं नाही.

मग नीलमनं कड धरली आणि दुमडायला घेतली.

दुमडेना.

दुसऱ्या टोकाला कुणी नव्हतं. खाट रिकामी होती. वाकळ सपाट होती. पण कापड ताणलेलं होतं. झोपेत पांघरूण ओढून घेतात तसं... कुणीतरी आतून धरलं होतं.

मावशीनं ते पाहिलं. कापड ताठ झालेलं तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

नीलमनं जोर लावला नाही. एक हात पोटावर ठेवला. दोन वर्षांत तिनं लेकीचं नाव घेतलं नव्हतं.

"पायल," ती म्हणाली, "बाळ हाये व पोटात. त्याले दे."

काहीच झालं नाही.

ओसरीवर पंजाबरावांचं खाकरणंही थांबलं होतं.

मग... कापड सैल पडलं.

नीलमनं आठही बोटं आत घेतली आणि शिवायला लागली. दुहेरी दोऱ्यानं, बारीक टाक्यांनी, एकदाही न थांबता. शेवटची गाठ मारून तिनं दोरा दातानं तोडला. मग पाणी मागितलं.

संध्याकाळी तिनं सुगतला फोन केला. घरी पोचला असशील तर पलंगावरची वाकळ मोज म्हणाली. काय वेड लावून राहिली, असं म्हणत त्यानं मोजली. लांबी त्यानं आकड्यात सांगितली. कागदावर होती तेवढीच. बोटभरही कमी नाही.

कुलूप त्यानंच उघडलं होतं. दिवसभर घरात कुणी नव्हतं.

पंधरा दिवसांनी डॉक्टरीण बाई म्हणाल्या की वाढ एकदम छान आहे. बहुतेक आधीच्या वेळी मोजताना काही राहिलं असेल. असंही होतं. मुलगा झाला, चांगला तीन किलोचा. त्याचं नाव रोहित ठेवलं.

थंडीत मी त्याला बघायला अकोल्याला गेलो होतो. सुगत ऑफिसला गेलेला. दुपारची वेळ. नीलमनं हे सगळं सांगितलं, तोंडी परीक्षा दिल्यासारखं, सपाट आवाजात. मी तिला विचारलं, भीती नाही वाटली का?

ती बाळाच्या दुपट्याची घडी घालत होती.

"भेव नाही वाटलं, भाऊजी. पायल लय भांडकुदळ होती. आपली वस्तू कोनाले देत नव्हती. मांगितली तं घर डोक्यावर घे. अन् मी एवढं मांगितलं, ते तिनं मुकाट्यानं देलं." तिनं घडी मोडली, परत घातली. "भांडली असती तं बरं वाटलं असतं मले."

 आतल्या खोलीत बाळ झोपलं होतं. नीलम चहा टाकायला उठली, तर मी काम असल्याचं सांगून निघालो. काम काही नव्हतं.