तक्रारदार गैरहजर

प्रेम हे न्यायासारखंच आंधळं असतं, असं थोर लोक सांगून गेले आहेत. महाळुंग्याच्या एका कारखान्यात ते नुसतं आंधळं नव्हतं, तर एचआरच्या मीटिंग रूममध्ये पंख्याखाली बसून पुढची तारीख मागत होतं.

इंद्रायणी क्वालिटी विभागात होती. रोज दिघीहून कंपनीच्या बसने यायची. प्रोबेशन संपत आलं होतं. अशा नाजूक काळात माणसाने जीभ दातांमागे ठेवावी. पण सुपरवायझर मारुतरावांनी तडा गेलेले सुटे भाग पास करायला सांगितले, तेव्हा ती अख्ख्या लाइनसमोर म्हणाली, "साहेब, रिजेक्शनच्या लाल पेटीत अजून जागा आहे. तुमचं डोकंही टाकू का?"

मारुतरावांनी उद्धट वर्तनाची तक्रार केली, चौकशी बसली. चौकशी मिटेपर्यंत कायम केल्याचं पत्र नाही, आणि महिनाअखेरीपर्यंत पत्र नाही तर नोकरीही नाही.

नियमाप्रमाणे बाजू मांडायला तिला एक सहकारी बरोबर नेता येत होता. पण तिच्या लाइनवरचे सगळे सहकारी मारुतरावांच्या हाताखालचे. त्या दिवशी कँटीनच्या रांगेत ताट घेऊन उभी असताना ती स्वतःशीच पुटपुटली, "मिलॉर्ड, माझी अशील गरीब आहे…"

"…पण तिची साक्ष गरीब नाही!" मागून आवाज आला.

तिने वळून पाहिलं. स्टोअरमधला बुद्धरत्न. हातात ताट, ताटात मटकीची उसळ, चेहऱ्यावर चोरी पकडल्याचा भाव.

"तुम्ही… 'सरकार पक्षातर्फे' बघायचात?"

"बघायचो? अहो मॅडम, पिंपरीत आमच्या खोलीत शेजारची चार घरं येऊन बसायची."

ही मालिका महाराष्ट्राने पाहिली नाही. ती लागायची बुधवारी रात्री साडेदहाला. दुसऱ्या दिवशी कामावर जायचं म्हणून महाराष्ट्र तेव्हा झोपलेला असायचा. फक्त इथल्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारची, म्हणून भोसरी-पिंपरीत पोराबाळांसकट सगळे जागे. ॲडव्होकेट दमयंती इनामदार शेवटच्या प्रश्नाआधी चष्मा काढून कोटाला पुसायची, आणि साक्षीदार प्रश्न न ऐकताच रडायला लागायचा. न्यायाधीशाचा हातोडा म्हणजे सरळसरळ खलबत्त्यातला बत्ता. जेमतेम अडीच महिन्यांत मालिका गुंडाळली, तीही खटला अर्धवट ठेवून.

"खून धाकट्या जावेनेच केला होता," इंद्रायणी ताट टेबलावर ठेवत म्हणाली.

"छे! डॉक्टरने."

"अहो, डॉक्टर आणि न्यायाधीश एकच नट होता. स्वतःला फाशी कशी देणार?"

"म्हणूनच बंद पडली असणार."

ती हसली. तक्रार झाल्यापासून पहिल्यांदाच. मग डोळे बारीक करून म्हणाली, "माझं वकीलपत्र घ्याल? कायद्याचं शिक्षण आहे का काही?"

"आहे ना. एकही भाग चुकवलेला नाही."

चौकशी अधिकारी अण्णासाहेब बाहेरून येत. त्यांनी पहिल्या दिवशी घड्याळ पाहिलं, दार पाहिलं आणि म्हणाले, "तक्रारदार गैरहजर. बचावाचं काय म्हणणं?"

बुद्धरत्न ताडकन उभा राहिला. "उलटतपासणीशिवाय माझ्या अशिलाला न्याय मिळणार नाही! पुढची तारीख द्यावी."

"बसून बोला हो. पुढचा मंगळवार."

मग रोज दुपारी कँटीनच्या कोपऱ्यात तयारी. बाहेर श्रावणाची रिपरिप, पत्र्यावर तिचा मंद ताल. बुद्धरत्न मारुतराव व्हायचा, इंद्रायणी दमयंती.

"तुम्ही मारुतराव वाटतच नाही," ती म्हणायची.

"का?"

"मारुतराव माझ्याकडे असं बघत नाहीत."

तो उसळीत लिंबू पिळायला लागायचा. उसळ आंबट व्हायची, पण नजर काही हटायची नाही. आपल्या ताटातला पापड तो न बोलता तिच्या ताटात सरकवायचा. हाताला साबणाचा वास, साबणाआडून ऑइलचा. तिला तो वास बसमध्येही आठवायला लागला, हे मात्र तिने वकिलापासून लपवून ठेवलं.

पुढच्या मंगळवारीही मारुतराव आले नाहीत. बुद्धरत्नने पुन्हा तारीख मागितली. त्या संध्याकाळी बसच्या खिडकीशी बसून इंद्रायणीने दिवस मोजले. महिनाअखेरीपर्यंत एकच मंगळवार उरला होता.

तिसऱ्या तारखेला मीटिंग रूमच्या दाराबाहेर तिने त्याला अडवलं. सेफ्टीचा चष्मा काढला आणि सावकाश एप्रनला पुसला. बुद्धरत्नने प्रश्न न ऐकताच मान खाली घातली.

"तक्रारदार आलाच नाही, केस बंद करा… एवढं एकच वाक्य पहिल्या दिवशी पुरलं असतं. खरं की नाही?"

"…खरं."

"तेव्हा सुचलं नाही?"

"सुचलं होतं."

"मग?"

"मग दुपारी त्या कोपऱ्यात तुम्ही कशाला आला असतात?"

तिने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "माझी नोकरी जात होती, बुद्धरत्न." इतके दिवस तो 'वकीलसाहेब' होता.

"माहीत आहे. झोप लागत नाही मला. आज बंद करायलाच सांगतो. मग तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत तरी…"

"बोलणार नाही, असं कोण म्हणालं? शिव्या घालायच्यात मला तुला. भरपूर. एका दिवसात संपायच्या नाहीत."

तो आत गेला. या वेळी उभा राहिला नाही, आवाज चढवला नाही. "तक्रारदार आलेला नाही, साहेब. केस बंद करावी."

टेबलाखाली तिचा हात त्याच्या हातावर आला. "आवडते मी तुला?" ती समोर बघतच कुजबुजली.

"हो."

"मोठ्याने बोला," अण्णासाहेब लिहिता लिहिता म्हणाले. "कोणत्या गोष्टीला 'हो'?"

"सगळ्यालाच, साहेब," बुद्धरत्न म्हणाला. अण्णासाहेबांनी तसं लिहून घेतलं आणि चौकशी बंद केली.

दोघं बाहेर आले तर चहाच्या मशीनपाशी मारुतराव. "आजून चालूच हाय व्हय ते?" ते थक्क होऊन म्हणाले. "पोरगी खरं बोलली व्हती. म्या तर पहिल्याच आठवड्यात एचआरला सांगितलं, आपल्याला न्हाई चालवायचं म्हणून."

ते कळवायचं राहून गेलं होतं, असं एचआरने सांगितलं.