हॉवेलचा उजवा डोळा

विनया चौक नावाच्या जुन्या पेठेतल्या जरीच्या कारखान्यात निघाली ती एक निशाण ताब्यात घ्यायला. काम एवढंच. १९९६च्या मे महिन्यातली भर दुपार. लूचा गरम वारा तोंड भाजून काढत होता आणि रिक्षावाल्याने डोक्याला ओला गमछा गुंडाळला होता.

सांगलीची ही पोरगी दूर उत्तरेत, गोमती नगरातल्या एका निर्यात कंपनीत माल तपासायची. वेल्समधल्या एका जुन्या चर्चला जरीचं निशाण हवं होतं, त्यावर हॉवेल नावाचा त्यांचा कोणी मध्ययुगीन योद्धा. माणूस वेल्सचा, पण लढला इंग्रज राजाकडून. कैद्यांच्या रांगेतले आपलेच भाऊबंद त्याने एकेक करून ओळखून दाखवले आणि त्याच दिवशी त्याचा उजवा डोळा मिटला तो कायमचा, असं पत्रात लिहिलं होतं.

ते निशाण भरणारे बन्ने मियाँ पस्तीस वर्षं एकाच अड्ड्यावर, म्हणजे कापड ताणलेल्या लाकडी चौकटीवर, सुई चालवत आले होते. चेहऱ्याची नक्षी टोचलेला कागद कापडावर ठेवताना त्यांनी विचारलं होतं, "बिटिया, यही रुख़ है न?" विनयाने न बघताच "हाँ हाँ" म्हटलं. कागद उलटा होता. डावा डोळा मिटला, उजवा टक्क उघडा राहिला. कंपनीचे साहेब भडकले तेव्हा हिने सरळ म्हाताऱ्याचं नाव घेतलं. बढतीची यादी लागायची होती ना! शिवाय घाबरली, हेही खरंच.

आज डोळा नीट झाला नाही तर बन्ने मियाँना घरी बसवायचं, असं साहेबांनी बजावलं होतं.

कारखान्यात वीज गेली होती. गोंदाचा आंबूस वास कोंडला होता. बाकीचे कारागीर जेवायला गेलेले. म्हातारा एकटाच बसला होता, हात मांडीवर ठेवून.

"बायीं तो खोल दी," ते कुजबुजले. "दाहिनी तीन बार बंद की. पानी पीने उठता हूँ... लौटता हूँ तो खुली."

"अच्छा? धागा सैल... ढीला होगा."

"मुझे नहीं देखती, बिटिया. दरवाज़े को देखती है. जैसे कोई आनेवाला हो..."

विनयाने वाकून पाहिलं. उघड्या डोळ्यात काळ्या रेशमाची बाहुली. ती जरा बाजूला सरकली. बाहुलीही सरकली.

कोपऱ्यातला फोन खणखणला. साहेबच होते.

"चर्चवालों को लिखना है. आख़िरी बार पूछ रहा हूँ, गलती किसकी थी?"

बन्ने मियाँ तिच्याकडे बघत होते. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. तिच्या एका वाक्याने त्यांची जागा वाचणार होती आणि ते वाक्य तिच्या ओठांवर आलंही होतं.

"बन्ने मियाँ की, सर."

मागे टच्च असा आवाज झाला, ताणलेल्या कापडात सुई शिरते तसा. मग आणखी एक... आणखी एक...

ती वळली. हॉवेलचा उजवा डोळा मिटला होता. टाके एकसारखे, घट्ट. बन्ने मियाँचे हात मांडीवरच होते.

"मैंने नहीं..." एवढंच ते म्हणाले.

निशाण वेल्सला गेलं. तरी बन्ने मियाँना घरी बसवलंच. यादीत विनयाचं नाव आलं.

त्याच सकाळी तोंड धुताना तिचा उजवा डोळा उघडेना. पापण्यांत काहीतरी टोचत होतं. तिने ते नखांत धरून हळूच ओढलं. जरीचा धागा, ओला. वीतभर आला, हातभर आला, तरी संपेना. तिने जोर लावला.

आतून कोणीतरी तो परत खेचला.