तीन फळ्यांची माय

हे खरं आहे. आयुष्यभर मी लोकांची टिंगल करून पोट भरलं, त्यामुळे तुम्हाला शंका येईल. येऊ द्या. खोटं निघालं तर मलाही हवंच आहे.

साल १९३६. केनवड. चैत्रातली भर दुपार.

माझ्या वडिलांचे थोरले भाऊ पुंजाजी, आमचे मोठेबाबा. त्यांच्या घरात एक लाकडी चित्र होतं. मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या पाद्र्याने दिलेलं. तीन फळ्या, बाजूच्या दोन दारांसारख्या मिटायच्या. आत सोनेरी रंगावर माय आणि लेकरू, बाजूला संत. पाचशे वर्षांपूर्वीच्या कुणा चिताऱ्याच्या चित्राची नक्कल, असं पाद्री म्हणाला होता. फळ्या फक्त सणाला उघडायच्या, हेही.

तळाशी हात जोडून बसलेली बोटभर माणसं होती. चित्र करवून घेणाऱ्याला असं कोपऱ्यात बसवायची तिकडे रीत. मोठेबाबांना ती पटली. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर नाव कोरतात, त्यावर निदान लोक पाय तरी देतात.

त्या चैत्रात त्यांचा चार वर्षांचा चंपत तापाने फणफणला. सतरा दिवस. वैद्य यायचा थांबला. गावातल्या सगळ्या देवांना बोलून झालं. मग मोठेबाबांनी फळ्या उघडल्या.

आमच्या घरी नवस पुरुष बोलायचे आणि बायका फेडायच्या. उपास, अनवाणी चालणं, लोटांगण... सगळं बायकांच्या नावावर.

मोठेबाबा सवयीने म्हणाले, “पोरगं वाचू दे, माय. मनकर्णा तुह्या पायाशी येऊन बसन.”

मनकर्णा म्हणजे त्यांची बायको, आमची मोठी आई. ती दारातच उभी होती.

“मले इचारलं काय?”

“तुले कायले इचारू? दरवेळी तूच तं फेडतं.”

संध्याकाळी चंपतने पेज मागितली.

दुसऱ्या दिवशी मोठी आई दळायला बसली. जात्याची घरघर येत होती...

बांगड्यांचा आवाज येत नव्हता.

हात तर मनगटापासून भरलेले.

तिसऱ्या दिवशी पावलं वाजेनात. पाचव्या दिवशी तिने चंपतला हाक मारली... ओठ हलले. चंपतने मान वळवली नाही.

माझे वडील तेव्हा बावीस वर्षांचे. त्यांनी जाऊन फळ्या उघडल्या.

तळाच्या कोपऱ्यात एक बाई वाढली होती. चेहरा पदराआड. हात जोडलेले. मनगटात हिरव्या बांगड्या.

मोठेबाबा तिथेच कोसळले. “मले घे. तिले सोड. बोललो मी होतो.” पुन्हा पुन्हा. चित्रातल्या मायने लेकरावरची नजर काढली नाही. मोठी आई शेजारी बसून त्यांची पाठ थोपटत होती. हात दिसत होता. पाठीला लागत नव्हता.

सातव्या दिवशी जातं फिरता फिरता थांबलं. समोर कुणी नव्हतं.

पीठ अजून कोमट होतं.

मोठेबाबांनी फळ्या मिटल्या. आणि आतून...

बांगड्या वाजल्या.

पुढे चंपतदादा रोज त्या फळ्यांना कान लावायचा. आईचा चेहरा त्याला आठवत नव्हता. तेवढा आवाज ओळखायचा. तोही म्हातारा झाला, गेल्या वर्षी गेला.

चित्र आता माझ्या घरी आहे. चंपतदादाच्या तेराव्यापासून आतून आवाज नाही. ती अजून कोपऱ्यात आहे, की ज्याच्यासाठी थांबली होती तोच गेला म्हणून... फळ्या उघडून बघायला दोन मिनिटं लागतील. दिवाळी येऊन गेली. मी उघडल्या नाहीत.

परवा सवयीने बायकोला म्हणालो, जरा तू बघतेस का...

आणि जीभ चावली.