बीजांक ४४१७

नागपूरच्या मेंदूविज्ञान प्रयोगशाळेत तिसऱ्या मजल्यावर एका काचेच्या खोलीत मुकुंद खानझोडे बसले होते. वय अडुसष्ट. आयुष्यभर सॉफ्टवेअर लिहून निवृत्त झालेले. टेबलापलीकडे डॉ. ऋता भुसारी होत्या. औषधांच्या चाचण्या नीट झाल्या की नाही हे तपासण्यासाठी त्या बाहेरून आल्या होत्या.

"सर, घाबरू नका," त्या म्हणाल्या. "अकरा ओळी दाखवते. ओळखता का सांगा."

पडद्यावर संगणकाच्या कोडचा अकरा ओळींचा तुकडा उमटला. खानझोड्यांनी चष्मा पुसला.

"माझाच आहे. संकेतस्थळावर 'रोजची एक युक्ती' लिहायचो मी. नोकरी करणाऱ्या पोरांसाठी. छोटे तुकडे, हत्यारं कशी वापरायची, असलं काहीतरी. फार कोणी वाचत नसावं."

"वाचायचे, सर. आमच्या उगमशोधक यंत्रणेला हा तुकडा नऊशे ठिकाणी सापडलाय."

हे ऐकून आनंद व्हायला हवा होता, असं त्यांना वाटलं.

"काम काय आहे त्याचं? माझ्या अहवालासाठी सोप्या शब्दांत सांगा."

"नाणेफेक," खानझोडे म्हणाले. "म्हणजे तसं भासवणं. यंत्राला खरी नाणेफेक येत नाही. त्याला एक सुरुवातीचा आकडा द्यावा लागतो, मी त्याला बीजांक म्हणायचो. त्यातून ते गणित करत एकेक शून्य, एक काढत जातं. बघणाऱ्याला वाटतं, नशीब. पण तोच बीजांक पुन्हा दिलात, तर तीच रांग पुन्हा येते. अगदी तशीच."

"आणि हा ४४१७ कुठून आला?"

"माझ्या स्कूटरचा नंबर."

डॉक्टर हसल्या. "मग तुमच्या स्कूटरवर चार शहरं बसली आहेत, सर. स्मृतिवर्धक थेंबांची ही चाचणी चार शहरांत चालू आहे. दोनशे चाळीस रुग्ण. कोणाला खरे थेंब, कोणाला कोरे, म्हणजे औषध नसलेले, हे वाटपयंत्र तुमच्याच तुकड्यावरून ठरवतं. एक म्हणजे खरे, शून्य म्हणजे कोरे. रुग्णाला माहीत नाही, डॉक्टरला माहीत नाही. गेल्या आठवड्यात मी चारही याद्या शेजारी ठेवल्या. चारही एकच निघाल्या."

"पण मी लिहिलं होतं, वापरताना बीजांक बदला म्हणून."

"लिहिलं होतंत. तुकड्याच्या चौकटीच्या खाली. नक्कल करायचं बटण फक्त चौकटीतलं उचलतं."

खानझोड्यांनी पडद्यावरची चौकट पाहिली. ती ओळ चौकटीच्या आत टाकायला हवी होती. तेव्हाही एकदा मनात आलं होतं. आत बरं दिसणार नाही, म्हणून बाहेर ठेवली होती.

"चाचणी वाया गेली का?" त्यांनी विचारलं.

"तेच ठरवायचंय. रांग ठरलेली असली तरी ती कोणाला ठाऊक नसेल, तर नशिबासारखीच. मात्र ठाऊक असणारा माणूस आपल्या माणसाला बरोबर एकाच्या जागी उभा करू शकतो. तसं झालं असेल, तर दोनशे चाळीस जणांचं वर्षभराचं काम कचऱ्यात. आणि ती रांग आधीपासून ठाऊक असेल असा, माझ्या माहितीत, एकच माणूस आहे." त्या थांबल्या. "तुमचं कोणी या चाचणीत आहे का, सर?"

खोटं बोलता येतं हे त्यांना नंतर सुचलं.

"माझी बायको. वैजयंती. इथल्याच केंद्रात."

डॉक्टरांनी पेन उचललं. "क्रमांक?"

"सात."

डॉक्टरांनी त्या जुन्या युक्तीचं पान उघडलं. तुकड्याखाली खानझोड्यांनीच लिहिलं होतं: 'पडद्यावर हेच दहा आकडे आले, तर तुकडा बरोबर उतरवला असं समजा.' पुढे आकडे होते. १, ०, ०, १, १, १, ०, १, ०, ०.

दोघांनीही बोटाने मोजलं. सातवा शून्य होता.

डॉक्टरांनी श्वास सोडला. "बरं झालं! खरंच बरं झालं, सर. ठाऊक असून कोणी आपल्या बायकोला शून्यावर उभं करणार नाही. याहून चांगला पुरावा नाही. चाचणी वाचली." मग त्यांचा आवाज खाली आला. "सॉरी."

खानझोडे सहाव्या आकड्याकडे बघत होते. नोंदणीच्या दिवशी ते आणि वैजयंती सहावे होते. मागे नोंदणीलाच आलेल्या कुंदाबाई मेश्राम होत्या, मोठ्या मुलाचा हात धरून. तो म्हणाला होता, "काका, आमाले जाऊ द्या ना आधी. गोंदियाची गाडी सुटते." खानझोडे बाजूला झाले होते. नशिबात काय मागे-पुढे, असं ते वैजयंतीला म्हणालेही होते.

"मी बाजूला झालो नसतो तर?"

हकीकत ऐकून डॉक्टर म्हणाल्या, "तर तुमच्या पत्नी एकावर आल्या असत्या. आणि आज मी चाचणी बंद केली असती."

"आता तिला खरे थेंब देता येतील?"

"सात महिने नाही. मधेच दिले, तर यादी फुटली असं होईल. बाहेर काढलं, तर नंतरचा पहिला हक्क जाईल. आत राहिल्या, तर निकालानंतर सगळ्यांत आधी. त्यांना मात्र काही कळू देऊ नका. त्यांच्यात काय फरक पडला याबद्दलची तुमची साक्ष आता मोजमापात धरली जाणार नाही. आणि ती युक्ती संकेतस्थळावर तशीच राहू द्या. आज बदललीत, तर का बदलली असं कोणीतरी विचारेल."

"सात महिन्यांत किती जातं?"

"माणसागणिक वेगळं. आधी नावं जातात."

खानझोड्यांनी गुप्ततेच्या कागदावर सही केली. अक्षर नेहमीसारखंच आलं.

पाच वाजता ते घरी पोचले. वैजयंती खिडकीशी वही घेऊन बसली होती. रोज ती आठवतील तेवढी नावं लिहून काढायची.

"आज एकोणीस झाली," ती म्हणाली. "काल सतराच होती. गुण येतोय हो थेंबांचा. तुम्ही उगाच शंका काढत होतात."

"माझं नेहमीचंच आहे ते."

"बघा, शेजारच्या त्या… मिश्या असलेले. तेही आठवले."

त्यांनी वही पाहिली. एकोणीस ओळी होत्या. त्यांतल्या दोन ओळींवर त्यांचंच नाव होतं.

"थेंब टाकता ना? वेळ झाली."

त्यांनी फडताळातून कुपी काढली. तिने मान मागे टाकून डोळे मिटले. नियम दोन थेंबांचा होता. पहिला नाकात गेला. दुसरा चुकला आणि गालावर ओघळला. त्यांनी तो रुमालाने टिपला, कुपी पुन्हा सरळ धरली आणि मोजून आणखी एक टाकला.