बंदी अधिकाऱ्याच्या घरचं कुलूप

“पोरीला उद्याच वसतिगृहात धाडतोय,” बंदी अधिकारी खुर्चीला टेकायच्या आत म्हणाला. “तिला नादी लावणारा कोण, तेवढं शोधून द्या.”

इंटरनेटवरचं काय दिसावं आणि काय नाही, हे ठरवणाऱ्या सरकारी खात्यात तो वरच्या जागेवर होता. लहान मुलं असलेल्या घरांच्या इंटरनेटला खात्याचं कुलूप असे. ते उघडायचा आकडा पालकाच्या फोनवर येई. आणि महिनाभर खुद्द या साहेबांच्याच घरचं कुलूप कुणीतरी उघडत होतं. दिव्याखाली अंधार!

“किती वेळ उघडं असतं?” मावशींनी विचारलं. खासगी तपास करणाऱ्या या बाईंना सगळी गल्ली मावशीच म्हणे.

“जेमतेम पाच मिनिटं. मग परत बंद.”

“आणि तुमचा फोन?”

“घरी आलो की कोपऱ्यात टाकतो. दिवसभर घाण बघून डोळे विटतात. शरीराच्या अवयवांचे झाडून सगळे शब्द मीच बंदीत घातलेत!”

“मुलीशी बोललात?”

“कुलूप आहे म्हटल्यावर बोलायचं काय?”

“एखादा टवाळ पोरगा असणार,” मावशींचे मेहुणे, निवृत्त पोस्टमास्तर, पुटपुटले. त्यांचा पहिला अंदाज नेहमी ठाम असे आणि नेहमी चुकत असे.

मावशी अधिकाऱ्याच्या घरी गेल्या तेव्हा त्याची बहीण कपड्यांच्या घड्या घालत होती. “मला फोन उचलता आला तरी पुष्कळ, कुलपं कुठली उघडतेय मी! वहिनी गेल्यापासून दादा तिचं नाव काढत नाही. पोरगीही हल्ली घुमी झालीय. पोहणं सोडलं. जवळ घ्यायला गेलं तर कळवळून लांब होते.”

“वहिनी कशानं गेल्या?”

“छातीच्या कॅन्सरनं. कळलं तेव्हा उशीर झाला होता.”

अकरा वर्षांची मुलगी पलंगाच्या कडेला अंग चोरून बसली होती.

“मीच उघडलं,” ती म्हणाली. “मला कुणी उघडायला सांगितलं नाही.”

“काय पाहिलंस?”

तिनं दाराशी उभ्या बाबांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मावशींनी सगळ्यांना बाहेर घालवून दार लावलं. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे ओले होते.

“नादी लावणारा कुणी नाही, साहेब. गप्पा मारायला आलेलं माणूस पाच मिनिटांत परत कुलूप लावतं का? हिला एकच गोष्ट बघायची होती. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बघतं ते घाबरलेलं माणूस. पोहणं सोडलं, मिठीत दुखतं. मघाशी मी तुमच्या इंटरनेटवर तिच्या आईच्या आजाराचं नाव टाकून पाहिलं. पान उघडलं नाही, तुमच्या बंदीतला शब्द आहे त्यात. आत तिला ‘हेच शोधतेस का?’ असं विचारलं, तर ‘हो’ म्हणून रडायलाच लागली. तिला एका बाजूला गाठ लागतेय. आईसारखीच मरणार, असं धरून बसलीय पोर.”

अधिकारी पांढराफटक पडला. “गाठ?”

“मुली वाढीला लागल्या की अशी लागते. माझ्या दोघींनाही लागली होती. तरी डॉक्टरणीला दाखवा, तिच्या तोंडून ऐकलं की पोरीला धीर येईल. कुलूप असावं, माझं काही म्हणणं नाही. पण पोर काय शोधतंय हे कुलूप विचारत नाही. ते बापानं विचारायचं.”



मुलगी दारात येऊन उभी होती. अधिकारी तिच्यापुढे जमिनीवरच बसला.

“मला का नाही सांगितलंस, बाळा?”

“आईनं तिच्या गाठीचं सांगितलं त्या दिवशी तुम्ही खूप रडलात, बाबा,” ती म्हणाली. “म्हणून नाही सांगितलं.”