मागची ओपीडी

साचे करणं हे तिचं काम. ऑफिसात सगळे तिला साचेवालीच म्हणत आणि तिलाही ते मनापासून आवडायचं. काम ऐकायला अवघड, समजायला सोपं. क्लाउडवर एक आभासी मशीन घ्यायचं, त्यावर लागणारं सगळं नीट बसवायचं, कड्याकुलपं लावायची आणि मनासारखं झालं की तसंच्या तसं गोठवून ठेवायचं. हा झाला साचा. मग स्क्रिप्टला, म्हणजे आधी लिहून ठेवलेल्या आज्ञांच्या यादीला, सांगायचं, चार दे. स्क्रिप्ट साच्यातून हुबेहूब चार मशीनं काढते, त्यांच्यावर ॲप्लिकेशन चढवते आणि कामाला जुंपते. गर्दी वाढली की आणखी काढते, ओसरली की मोडून टाकते. माणसाने बोटही लावायची गरज नाही.

या वेळचा साचा एका मोठ्या हॉस्पिटलसाठी होता. ओपीडीत नंबर लावायचं त्यांचं ॲप्लिकेशन जुन्या, धापा टाकणाऱ्या सर्व्हरवरून क्लाउडवर हलवायचं होतं. तिने साचा केला, चाचणीसाठी चार मशीनं मागितली आणि चहा आणायला गेली. परत आली तर पाच होती.

आपलंच काहीतरी चुकलं असणार, असं म्हणून तिने पाचवं मोडलं आणि स्क्रिप्ट ओळीन् ओळ वाचून काढली. चूक सापडली नाही. दोन मागितली. तीन आली.

"उदार झालीय गं तुझी स्क्रिप्ट," शेजारच्या टेबलावरचा नेटवर्कवाला म्हणाला. "आमच्या साहेबांनी तिच्याकडून काहीतरी शिकावं."

तिने साचा मोडला आणि पहिल्यापासून नवा केला. स्क्रिप्टही कोरी, नव्याने लिहिली. तरी एक जास्तच.

घरी जेवताना तिने हे सांगितलं. सासूबाई हसल्या. "अगं, चौघांचं करताना मीसुद्धा थोडं जास्तच टाकते. कोणी आलंच तर?"

नवरा गणित शिकवायचा. तो हसला नाही. घास हातातच धरून म्हणाला, "चूक असती तर कधी दोन जास्त आली असती, कधी एक कमी. नेहमी एकच जास्त म्हणजे कोणीतरी मोजतंय."

ते वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पुन्हा चार मागितली आणि जास्तीचं मशीन मोडलं नाही. आत शिरून बघितलं. बाकीच्या चारांसारखंच होतं ते, तंतोतंत. फरक एवढाच, की ती चार नुसती बसून होती. ॲप्लिकेशन अजून सुरूच झालं नव्हतं, त्यांना काम कुठलं? हे मात्र राबत होतं. सकाळी त्याच्यावरचा ताण चढत गेला, जेवणाच्या वेळी उतरला, दुपारी पुन्हा थोडा चढला आणि संध्याकाळी अलगद शून्यावर आला. कुठल्याही ओपीडीचा दिवस असाच जातो.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच सुरू झालं तेव्हा तिने त्या मशीनवरचं ॲप्लिकेशन उघडलं. विभागांची नावं तिला पाठ होती, डोळे, हाडं, बालरोग. तिथे त्यातलं एकही नव्हतं. एकच विभाग होता. मागची ओपीडी.

त्याच्याखाली, आता आत: ३१.

ती बघत असतानाच ३२ झालं.

"हे बघ ना जरा," तिने नेटवर्कवाल्याला हाक मारली. त्याने खुर्ची सरकवली, विनंत्या कुठून येताहेत ते शोधलं.

"हॉस्पिटलमधूनच येतंय. तळमजला, मागचा कॉरिडॉर." त्याने खांदे उडवले. "त्यांचाच कोणीतरी गंमत म्हणून वापरून बघतोय. उडव ते."

तिलाही ते पटलं. हॉस्पिटलच्या यंत्रणेत अनोळखी काही चालू राहून कसं चालेल? तिने मशीन मोडलं. जिवाला बरं वाटलं.

थोड्याच वेळात फोन वाजला. हॉस्पिटलच्या नोंदणी खिडकीवरच्या बाई होत्या. कामाच्या बैठकांमुळे दोघींची चांगली ओळख होती. एरवी त्या खणखणीत बोलायच्या. आज आवाज दबलेला होता.

"तुम्ही आत्ता काही बंद केलंत का?"

"तुमचं काही अडलंय का?"

"आमचं नाही. आमचं जुन्यावर नीट चाललंय. पण मागे कुरकुर सुरू झालीय."

"कोणाची?"

"तुम्ही याच एकदा. लॅपटॉप घेऊन या."

ती गेली ती भीतीने नव्हे, उत्सुकतेने. नोंदणीपुढे नेहमीची झुंबड होती. बाई तिला क्ष-किरण विभागावरून मागे घेऊन गेल्या. तिथे फिनेलचा वास होता आणि उंच खिडक्यांतून स्वच्छ ऊन येत होतं. भिंतीला नंबर दाखवायचा एक पडदा, त्याची वायर तुटून लोंबत होती. त्याच्यासमोर स्टीलच्या खुर्च्यांच्या रांगा. सगळ्या रिकाम्या. कॉरिडॉर पुढे एका साध्या, पिवळट भिंतीशी संपत होता.

"इथे तर कोणीच नाही," ती म्हणाली.

"हळू बोला. चिडलेत."

तिने एका खुर्चीवर हात टेकला आणि झटकन उचलला. खुर्ची गरम होती. कोणीतरी आत्ताच उठावं तशी. ऊन पडलं असेल म्हणून तिने सावलीतली चाचपली. तीही गरम. तिच्या पलीकडचीही.

"यांचं वेगळं मशीन होतं," बाई कुजबुजल्या. "मी इथे लागले त्याच्या आधीपासूनचं. मागच्या महिन्यात जळालं. तुमच्या लोकांना मी सांगितलं होतं, आणखी एक ओपीडी आहे म्हणून. ते म्हणाले, नकाशात दिसत नाही."

"पण हे आहेत कोण?"

"मी विचारलं नाही कधी. त्रास काही देत नाहीत हो. फक्त नंबर लागला पाहिजे."

तिच्या मानेला कोणाचा तरी श्वास लागला. मग दुसऱ्या बाजूने आणखी एक. जवळ येत होते.

तिने लॅपटॉप उघडला. काम हातातलं होतं. साचा निवडला. एक दे.

पट्टी पुढे सरकायला लागली. तिला ती कधी इतकी सावकाश वाटली नव्हती.

मशीन उठलं.

पहिल्या रांगेत एक खुर्ची करकरली. मग तिच्या शेजारची. मग मागची. एकेक करत सगळ्या रांगा करकरल्या आणि शांत झाल्या.

पडद्यावर ३३ आलं. लॅपटॉपच्या नव्हे, भिंतीवरच्या.

बाईंनी सुस्कारा सोडला. "झालं. बसले."

त्यानंतर तिने स्क्रिप्टमध्ये स्वतःच्या हाताने एक ओळ घातली. हॉस्पिटलच्या चार मशीनांबरोबर पाचवं, कायमचं. त्या दिवसापासून मागितली तेवढीच मशीनं यायला लागली. ठरल्या दिवशी ॲप्लिकेशन विनातक्रार सुरू झालं, साहेबांनी पाठ थोपटली. नवऱ्याने विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मोजणारे होते. सापडले."

काम सोपवण्याचे कागद द्यायला ती पुन्हा हॉस्पिटलमध्ये गेली, आणि जाता जाता तिला राहवलं नाही. ती एकटीच मागच्या कॉरिडॉरमध्ये गेली. सगळं शांत होतं. पडद्यावरचा आकडा बदलला, एक खुर्ची करकरली आणि तिच्या अंगावरून काहीतरी, अदबीने बाजूने वाट काढावी तसं, पुढे गेलं.

कॉरिडॉर जिथे संपत होता त्या भिंतीपलीकडे काय आहे, हे तिने बाहेरून फिरून आधीच बघितलं होतं. तिथे नुसता वाहनतळ होता. दार नव्हतं, दार बुजवल्याची खूणही नव्हती.

ती भिंतीजवळ गेली. रोज शेकडो हातांनी ढकलल्या जाणाऱ्या दाराचा रंग जसा उडतो, तसा तिथला रंग उडाला होता. तळवा टेकेल एवढ्या उंचीवर एक मोठा, तेलकट, गुळगुळीत डाग.

आणि त्याच्या बराच खाली, तिच्या गुडघ्याजवळ, रांगणाऱ्या मुलाच्या तळव्याएवढा, अजून ओला असा आणखी एक.